सोळा बोअरची जुनी पंप आणि डावा खांदा

पत्र थोडक्यात असं : मूळचे सिंधुदुर्गातले एक वाचक नऊ वर्षं आयोवात राहतात. एच-१बी व्हिसा आहे, ग्रीन कार्डाच्या रांगेत आहेत, पत्नी एच-४ वर, म्हणजे त्यांच्यावर अवलंबून असलेल्या जोडीदाराच्या व्हिसावर. गेले दोन मोसम ऑफिसातला सहकारी त्यांना फेझंटच्या, म्हणजे रानकोंबड्यासारख्या लांब शेपटीच्या पक्ष्याच्या, शिकारीला घेऊन गेला आणि उसन्या बंदुकीवर त्यांना नाद लागला. आता त्या सहकाऱ्याचे ऐंशी पार केलेले काका आपली बंदूक विकताहेत : विंचेस्टर मॉडेल १२, पंप (पुढची मूठ मागे-पुढे करून काडतूस भरायची छर्ऱ्यांची बंदूक), सोळा बोअर (नळीच्या रुंदीचं माप), २८ इंची नळी, 'फुल' चोक, साधारण १९२०-२५ च्या सुमाराची. किंमत सहाशे डॉलर. काकांचं म्हणणं, "एवढी जुनी म्हणजे अँटिकच. कागदपत्रांची भानगड नाही, पैसे दे आणि घेऊन जा." पत्नीचा ठाम नकार आहे, कारण घरात सहा वर्षांचा मुलगा आहे. वाचकांच्या आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. आजोबा गेले आणि घरच्यांनी ती जमा करून टाकली. "ही घेतली तर मुलाला द्यायला काहीतरी राहील. जुनं ते सोनं म्हणतात, किंमतही उतरणार नाही. घेऊ का? ता. क. मी डावरा आहे. त्यानं काही फरक पडतो का?"

*

तुमचं पत्र मी शेवटाकडून वाचायला घेतलं, कारण सगळ्यात मोठा प्रश्न तुम्ही ताज्या कलमात टाकलाय. डावरेपणानं फरक पडतो, आणि बराच पडतो. पण त्याच्याही आधी काकांच्या त्या 'अँटिक'कडे वळू या. ते वाक्य मनात धरून तुम्ही सहाशे डॉलर मोजलेत, तर सहाशे डॉलर ही या व्यवहारातली सगळ्यात छोटी रक्कम ठरेल.

अमेरिकी संघराज्याच्या कायद्यात 'अँटिक' बंदूक म्हणजे १८९८ किंवा त्याआधी बनलेली. मॉडेल १२ बाजारात आली १९१२ साली. कितीही म्हातारी दिसली तरी कायद्याच्या लेखी ती कालपरवा दुकानातून आणलेल्या बंदुकीइतकीच बंदूक आहे. काका खोटं बोलत नाहीयेत. त्यांच्यासाठी, म्हणजे त्याच राज्यातल्या एका नागरिकानं दुसऱ्याला घरच्या घरी लांब नळीची बंदूक विकायची असेल तर, भानगड खरोखरच कमी आहे. पण तुम्ही नागरिक नाही. एच-१बी हा 'नॉन-इमिग्रंट' व्हिसा, आणि अशा व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला संघराज्याचा कायदा सरसकट मनाई करतो. या मनाईला मोजके अपवाद आहेत. तुमच्या कामाचा अपवाद असा : अमेरिकेतल्या एखाद्या राज्यानं दिलेला शिकारीचा वैध परवाना तुमच्याकडे हवा. दोन मोसम उसनी बंदूक तुम्ही खांद्यावर घेऊ शकलात ते त्या परवान्यामुळेच. त्या वेळी तो काढला होतात अशी मी आशा करते.

यातली मेख अशी की परवान्याला मुदत असते, बंदुकीला नसते. मोसम संपला, परवान्याची तारीख उलटली, नवा काढायचा राहिला, आणि बंदूक मात्र कपाटात उभीच. त्या दिवसांत तुम्ही जे जवळ बाळगून आहात, ते बाळगायचा हक्क तुम्हाला नाही. हा दंड भरून सुटण्यातला गुन्हा नाही, आणि ग्रीन कार्डाच्या रांगेतल्या माणसानं तर त्याच्या आसपासही फिरकू नये. म्हणून परवाना तारखेच्या आधी नवा करायचा, एका दिवसाचीही फट ठेवायची नाही, आणि व्यवहार काकांच्या गॅरेजात न करता परवानाधारक दुकानात करायचा. दुकानदार थोडं शुल्क घेतो, बंदूक खरेदीचा सरकारी फॉर्म ४४७३ भरून घेतो, पार्श्वभूमी तपासतो. सध्याच्या पत्त्याचं सरकारी ओळखपत्र, आय-९४ वरचा (देशात प्रवेशाच्या नोंदीचा) क्रमांक आणि शिकारीचा परवाना सोबत न्या. मग उद्या कोणी विचारलं तर दाखवायला कागद असेल. न्यू जर्सी किंवा इलिनॉयमधल्या वाचकांनी हे वाचून निघू नये. तिथे बंदूक घेण्याआधी राज्याचं वेगळं ओळखपत्र काढावं लागतं.

आणखी एक गोष्ट, जी बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तुमच्या पत्नी एच-४ वर आहेत, म्हणजे तीच मनाई त्यांनाही लागू आहे, आणि त्यांच्याकडे शिकारीचा परवाना नाही. 'ताबा' हा शब्द कायद्यात हातात धरण्यापुरता नसतो. माहीत आहे आणि हवी तेव्हा काढता येते, एवढंही ताबा ठरू शकतं. त्यामुळे तिजोरीची किल्ली किंवा आकडे तुमच्याकडेच राहायला हवेत. हा एक मुद्दा इमिग्रेशनच्या वकिलाकडून लेखी विचारून घ्या. सल्ला सदरावर विसंबण्याची ही जागा नाही.

आता बंदुकीकडे येऊ.

मॉडेल १२ बद्दल मी वाईट बोलणार नाही. विंचेस्टर स्वतः तिला 'परफेक्ट रिपीटर' म्हणायची, आणि जाहिरातीतली ती बढाई अगदीच पोकळ नव्हती. घडीव पोलादाचे, कातून काढलेले भाग, पुढची लाकडी मूठ मागे ओढली की लोण्यातून सुरी फिरावी तशी चाल. १९१२ पासून १९६३-६४ पर्यंत जवळजवळ वीस लाख बनल्या आणि शेवटी बंद पडल्या त्या मुख्यतः अशी घडणावळ परवडेनाशी झाल्यामुळे. हाच आकडा तुमच्या 'किंमत उतरणार नाही'लाही लावून बघा. वीस लाख बनलेली वस्तू दुर्मिळ नसते. हाताळलेली, शेतावर वापरलेली साधी मॉडेल १२ आपली किंमत साधारण टिकवते, इतकंच. वाढते ती न हाताळलेल्यांची आणि खास घडणीच्यांची, आणि तशी बंदूक पावसात चिखलात न्यायची कोणाची छाती होत नाही.

पण सोळा बोअर आणि १९२०-२५ ही जोडी ऐकून माझे कान टवकारले. त्या काळातल्या सोळा बोअरच्या अनेक नळ्यांत काडतूस बसतं ती खोबण, म्हणजे चेंबर, २ ९/१६ इंचांची असायची. आजचं काडतूस २ ३/४ इंचांचं. गंमत अशी की ते आत बसतं. काडतुसाची लांबी मोजतात ती उडल्यानंतरची, पुढची घडी उलगडल्यावरची. न उडलेलं काडतूस आखूड असतं, त्यामुळे आखूड चेंबरमध्ये ते निमूट जातं. चाप ओढला की घडी उलगडायला पुढे जागाच नसते, तोंड अर्धवट उघडतं, आणि मागे दाब नको तितका वाढतो. शंभर वर्षांच्या पोलादाला आणि तुमच्या डोळ्यांना हा प्रयोग नको. नळीवर काय कोरलंय ते वाचा. काही कोरलेलं नसेल, किंवा असूनही मधल्या काळात कोणी चेंबर वाढवून घेतल्याचा संशय असेल, तर बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून मोजून घ्या. पाच मिनिटांचं काम असतं. तोवर एकही बार नको.

मग 'फुल' चोक. नळीचं तोंड किती आवळलेलं आहे ते चोक सांगतो. चाळीस यार्डांवर तीस इंचांचं वर्तुळ आखलं तर 'फुल' चोकमधून सत्तर टक्क्यांच्या आसपास छर्रे त्या वर्तुळात पडावेत असा हिशेब. वरून जाणाऱ्या बदकांना हे ठीक. फेझंट मात्र कुत्र्याच्या नाकापुढून, तुमच्या बुटांजवळून, काळजाचा ठोका चुकवत उठतो आणि तुम्ही बार टाकता तो वीस-पंचवीस यार्डांवर. तेवढ्या अंतरावर 'फुल'चे छर्रे मोठ्या ताटाएवढ्या जागेत असतात, 'इम्प्रूव्हड सिलिंडर' या मोकळ्या चोकचे परातीएवढ्या. ताट चुकतं. आणि नाही चुकलं तर घरी शिजवण्यासारखं काही उरत नाही. माझी पहिली बंदूकही अशीच, दिसायला देखणी म्हणून घेतलेली, तीस इंची 'फुल'. पहिल्या मोसमात नऊ पक्षी सोडले, दहाव्याची मूठभर पिसं आणि छर्ऱ्यांनी भरलेली छाती हाती आली. त्या रात्रीच्या रश्श्यात दाताखाली छर्रा आला तो माझ्या सासूबाईंच्या. पुढचं सांगत नाही.

चोकला दुसरी बाजू आहे ती छर्ऱ्यांची. बदकांसाठी १९९१ पासून देशभर शिसं बंद आहे. फेझंटसाठी शिसं बऱ्याच ठिकाणी चालतं, पण केंद्राच्या 'वॉटरफाऊल प्रॉडक्शन एरिया' नावाच्या पाणथळ राखीव जमिनींवर फेझंटलाही चालत नाही. कॅलिफोर्नियात २०१९ पासून कुठल्याच शिकारीला नाही. शिशाऐवजी स्वस्तात मिळतं ते पोलाद, आणि पोलादाचे छर्रे शिशासारखे दबत नाहीत. जुन्या आवळलेल्या नळीतून ते गेले की तोंडाशी कडं उमटतं. बिस्मथ मऊ आहे, जुन्या नळीला चालतं, पण शिशाच्या कितीतरी पट महाग. तुम्ही कुठल्या जमिनीवर चालणार आहात यावर तुमची काडतुसं ठरणार आणि काडतुसांवर नळी. तुमच्या पत्रात जमिनीचा उल्लेखच नाही. सहकाऱ्याच्या ओळखीचं शेत दर वर्षी मिळेलच असं नाही, म्हणून आयोवाच्या 'आयहॅप' योजनेखाली शिकारीला खुल्या असलेल्या खासगी जमिनींचा नकाशाही एकदा बघून ठेवा.

आता तुमचं ता. क. मॉडेल १२ रिकामं काडतूस उजवीकडे फेकते. उजव्या खांद्यावर बंदूक असलेल्याला ते कळतही नाही. डाव्या खांद्यावर ते डोळ्यांपुढून आडवं जातं, नेमका दुसरा पक्षी उठतो त्या क्षणी. तिची सेफ्टी चापाच्या कडीच्या पुढच्या अंगाला, उजव्या तर्जनीनं ढकलायला बसवलेली. डावऱ्याला त्यासाठी बोट कडीखालून फिरवावं लागतं. सवयीनं जमतं, जमवणारे आहेत. पण जे हातात घेताक्षणी जमायला हवं ते सवयीनं जमवायची सक्ती स्वतःवर का करावी?

डावऱ्यांची जुनी मैत्रीण म्हणजे इथाका मॉडेल ३७. नावातच साल आहे. मूळ कल्पना जॉन ब्राउनिंग यांची, आधी रेमिंग्टननं मॉडेल १७ म्हणून काढलेली. पेटंटांची मुदत संपल्यावर इथाकानं ती उचलली. हिच्या दोन्ही कुशी सपाट, कुठेही खिडकी नाही. काडतूस खालून भरायचं आणि रिकामं खालीच पडतं. शिवाय हलकी. वीस बोअरची सहा पौंडांच्या आत-बाहेर भरते, आणि सकाळी आठपासून गुडघाभर गवतातून चालल्यावर दुपारी तीनला तो पौंडभर फरक काय असतो ते खांद्याला विचारा. दुसरी, ब्राउनिंग बीपीएस, १९७७ नंतरची. खालूनच भरते, खालीच टाकते, आणि सेफ्टी दस्त्याच्या मानेवर, अंगठ्याखाली. तिला डावं-उजवं कळतच नाही. वजनाला मात्र भारी. जुनेपणाचा तितका सोस नसेल तर तिच्याकडे बघाच.

रेमिंग्टन ८७० चं नाव घेतल्याशिवाय हे उत्तर पुरं होणार नाही. १९५० पासूनची, एक कोटीच्या वर बनलेली, सुटे भाग गल्लोगल्ली मिळणारी. तुम्ही उजवे असता तर मी तुम्हाला हिचीच जुनी 'विंगमास्टर' आवृत्ती घ्या म्हणाले असते आणि पत्र दोन ओळींत संपलं असतं. इतर वाचकांनी ते तसंच समजावं.

एक इशारा मात्र जुन्या विंचेस्टर आणि जुन्या इथाका, दोघींना मिळून. आजच्या पंपमध्ये प्रत्येक बाराला चाप सोडून पुन्हा ओढावा लागतो. मॉडेल १२ मध्ये, आणि साधारण १९७५ पर्यंतच्या इथाका ३७ मध्ये, ही आडकाठी नाही. चाप दाबून धरला आणि मूठ मागे-पुढे केली की मूठ पुढे जाताच बार उडतो. जुने लोक याची फुशारकी मारतात. दोन मोसमांचा अनुभव, थंडीत बधिर बोटं, समोर फडफडाट आणि बाजूला सहकाऱ्याचा कुत्रा, अशा वेळी मला ती फुशारकी नको आहे. म्हणून इथाका शोधाल तेव्हा पंचाहत्तरनंतरची शोधा. कुठल्या सालची ते क्रमांकावरून कळतं.

कोणतीही जुनी पंप बघायला जाल तेव्हा पहिलं काम, ती रिकामी असल्याचं स्वतः बघायचं. काकांनी सांगितलं म्हणून नाही. मग नळीतून उजेडाकडे बघा. आतल्या आरशात काळसर कडं दिसलं तर तिथे कधीतरी नळी फुगली आहे, तिथूनच परत फिरा. नळी मूळ लांबीची आहे का ते टेपनं मोजा, कारण कापलेल्या नळीवर 'फुल' कोरलेलं राहतं आणि चोक मात्र भंगारात गेलेला असतो. तोंडाशी नक्षीदार गाठोडं दिसलं तर तो बहुधा पॉली-चोक, फिरवून कमी-जास्त करायचा जुना जुगाड. संग्राहक नाक मुरडतात, त्यामुळे किंमत पडते, आणि तुमच्यासारख्या चालणाऱ्याला ते फायद्याचंच. दस्त्याच्या मानेजवळ चीर आहे का, तेल पिऊन लाकूड काळं आणि मऊ पडलंय का, हे नखानं कळतं. स्क्रूच्या खाचा खरवडलेल्या असतील तर कोणीतरी घरी हात साफ केलेला आहे. मॉडेल १२ दोन तुकड्यांत सुटते. दोन्ही तुकड्यांवरचे क्रमांक जुळतात का, आणि जोडल्यावर नळी खुळखुळते का, ते बघा. थोडा खुळखुळा असेल तर घट्ट करायची सोय तिच्यातच दिलेली आहे. कोऱ्या निळाईला भुलू नका. कडा गुळगुळीत आणि अक्षरं पुसट असतील तर तिला नंतर घासूनपुसून नवरीसारखी नटवलेली आहे. शेवटी डोळे मिटून खांद्याला लावा आणि उघडा. जुने दस्ते मागे खाली झुकलेले असतात. नळीऐवजी बंदुकीची पाठच दिसली तर ती तुमच्या गालासाठी बनलेली नाही.

एवढं होऊनही मन मॉडेल १२ वरच अडलं, तर अशी घ्या : चेंबर मोजून, चोक कारागिराकडून 'इम्प्रूव्हड सिलिंडर'पर्यंत मोकळा करून, शिसं किंवा बिस्मथच वापरून, आणि सोळा बोअरची काडतुसं गावातल्या दुकानात ऐन मोसमात मिळत नाहीत हे धरून उन्हाळ्यातच साठवून. चोक मोकळा केल्यावर संग्राहकाच्या लेखी ती उतरली, हेही मान्य करून. मी तुमच्या जागी असते तर घेतली नसती.

राहिल्या तुमच्या पत्नी. पत्रात त्यांचा नकार दीड ओळीत आहे आणि आजोबांची बंदूक नऊ ओळींत. त्या नेमकं कशाला नाही म्हणताहेत, हे तुम्ही विचारलंय का? घरात बंदूक नको, की शनिवारचा दिवसभर तुम्ही घरी नको, की व्हिसाची टांगती तलवार असताना आणखी एक काळजी नको? तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत. पहिल्याचं उत्तर आहे भिंतीला ठोकलेली लोखंडी तिजोरी, काडतुसं वेगळ्या कुलपात, आणि तिजोरीचे पैसे बंदुकीच्या आधी बाजूला. तिजोरीला जागा किंवा पैसे नसतील तर बंदूक घेण्याची वेळ आलेली नाही. सहा वर्षांच्या मुलापासून बंदूक लपवता येते हा भ्रम आहे. मुलांना दिवाळीचा फराळ कुठे आहे ते कळतं, तसं हेही कळतं.

आणि मुलाला द्यायचं म्हणता, तर एवढं बघा : नोकरी गेली तर एच-१बीवर हाती असतात जास्तीत जास्त साठ दिवस. परत जायचं ठरलं तर बंदूक भारतात नेणं हे परवान्यांचं वेगळंच रामायण, आणि नेऊन तरी करणार काय? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तिथली हौसेची शिकार संपत गेली. तुमच्या आजोबांची बंदूकही हौसेची नव्हती. रानडुकरांपासून भात राखायची होती, आणि मला वाटतं आजोबांना ती फारशी आवडतही नसावी. ठासणीची बंदूक पावसाळ्यात काय छळते ते कोकणातल्या कुणालाही विचारा.

घाई कशाचीच नाही. आयोवाचा फेझंट मोसम ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी उघडतो. तोवर मातीच्या तबकड्यांवर नेम धरायच्या मैदानावर जा. अनेक ठिकाणी बंदूक भाड्यानं मिळते. डाव्या खांद्यावर तीन-चार जातींच्या पंप चालवून बघा, शंभरेक काडतुसं उडवा. पत्नीही येते म्हणाल्या तर न्या, पण त्यांनी बंदूक हातात घेण्याआधी वकिलाला विचारलेलं असू द्या.

काकांना 'नको' सांगताना मात्र फोनवर सांगू नका, घरी जाऊन सांगा. आणि विचारा, पहिल्या शनिवारी ती सोळा बोअर घेऊन ते स्वतः येतील का म्हणून. ट्रकपासून कुंपणापर्यंत चालले तरी पुरे. चेंबर मात्र त्यांच्यासाठीही मोजून घ्या.